चाकाचा परीघ आणि वेगमापकाची साक्ष

मोटारीच्या चालकासमोरील तबकडीवर काटा ८० या आकड्यावर स्थिरावलेला आहे. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे, असे चालक त्यावरून समजतो; आणि ही गोष्ट यंत्राने आपणांस प्रत्यक्ष सांगितली, अशी त्याची खात्री असते. वस्तुतः यंत्राला ठाऊक असते ते एवढेच की, चाके एका मिनिटात अमुक इतके फेरे करीत आहेत. फेऱ्यांपासून किलोमीटरपर्यंतचा पुढचा मार्ग यंत्राने पाहिलेला नसतो. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच कारखान्यात एका गृहीतकाच्या आधारे तो आखून ठेवलेला असतो. हे गृहीतक म्हणजे चाकाचा परीघ होय. मूळ टायर काढून निराळ्या मापाचा टायर बसविला म्हणजे हे गृहीतक खरे राहत नाही; काटा मात्र काहीच घडले नसल्याप्रमाणे आकडे दाखवीत राहतो.

टायरचे माप बदलल्याने वेगमापकाच्या अचूकतेवर नेमका कोणता परिणाम होतो, तो कसा मोजावा, आणि तो चालकाच्या सहज लक्षात का येत नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय यंत्रशास्त्रातला आहे हे खरे. परंतु चिन्ह आणि चिन्हित यांच्यामधील संकेत बदलला असता चिन्हाचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला परका नाही. शिवाय आपल्या शास्त्राची मोजमापेही फिरणाऱ्या यंत्रांवर अवलंबून राहिलेली आहेत. त्याचा विचार लेखाच्या शेवटी येईल.

१. वेगमापक काय मोजतो?

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर काढण्याची कल्पना मोटारीहून फार जुनी आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या वास्तुविद्येवरील ग्रंथाच्या दहाव्या भागात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट धरलेला असून, चाकाचे ४०० फेरे पुरे झाले म्हणजे दातेरी चक्रांच्या योगाने एक खडा भांड्यात पडतो. साडेबारा गुणिले ४०० म्हणजे ५,००० रोमन फूट, अर्थात एक रोमन मैल. प्रवासाच्या अखेरीस भांड्यातील खडे मोजले की किती मैल चाललो ते समजले.

या यंत्रात मैल नेमका कोठे आहे? तो रस्त्यात नाही. तो चारशे दात्यांच्या चक्रात आहे. चाकाची धाव झिजून परीघ बारा फुटांवर आला, तरी खडा चारशेव्या फेऱ्यालाच पडणार. मैल तेवढा ४,८०० फुटांचा झालेला असेल, आणि भांड्यातील खड्यांकडे कितीही निरखून पाहिले तरी ही गोष्ट कोणाच्या लक्षात येणार नाही. पुढे दोन हजार वर्षांत यंत्राची रचना पुष्कळ बदलली. हा दोष मात्र कायम राहिला आहे.

मोटारीतील यांत्रिक वेगमापकाचे पेटंट ओटो शुल्त्से या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये घेतले. गिअरबॉक्समधून चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्यावरून एक लवचीक केबल निघते आणि तबकडीच्या मागे असलेले लहानसे चुंबक फिरविते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. दोहोंचा एकमेकांना स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढू लागतात. उलट, घड्याळात असते तशी केसासारखी बारीक कमान वाटीला मागे खेचते. या दोन ओढींचा तोल जेथे साधेल तेथे काटा थांबतो. याच केबलवरून दातेरी चक्रांच्या द्वारे अंतरमापकाचे आकडेही पुढे सरकत असतात. म्हणजे या रचनेत अंतर हे मोजलेले असते, तर वेग हा तोललेला असतो. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

ब्रिटनमधील स्मिथ्स या कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर, एका मैलात केबलचे किती फेरे धरले आहेत, तो आकडा अगदी बारीक अंकांत छापलेला आढळतो. यंत्र ज्या संकेताच्या आधारे बोलते, तो संकेतच तेथे एका कोपऱ्यात लिहून ठेवलेला असे. आजच्या गाड्यांत केबल राहिलेली नाही. चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सवर बसविलेला संवेदक दातेरी कड्याचे दाते मोजतो आणि विजेच्या स्पंदांच्या रूपाने ती गणना गाडीतील संगणकाकडे पाठवितो. अचानक ब्रेक लावला असता चाके जखडू नयेत म्हणून असलेली एबीएस ही योजनाही याच संवेदकांवर चालते. पूर्वी जो संकेत चक्राच्या दात्यांत होता, तो आता संगणकाच्या स्मृतीत एका स्थिरांकाच्या रूपाने असतो. संकेताचे स्थान बदलले. त्याचे स्वरूप बदललेले नाही.

२. टायरवरील मापाचे वाचन

टायरच्या बाजूवर त्याचे माप उठावदार अक्षरांत दिलेले असते. उदाहरणादाखल १८५/६५ आर १५ हे मोटारींत नेहमी आढळणारे माप घेऊ. या एका ओळीत तीन निरनिराळ्या भाषा बोलल्या जातात. १८५ ही टायरची रुंदी असून ती मिलिमीटरमध्ये आहे. ६५ ही टायरच्या बाजूची उंची. पण ती मिलिमीटरमध्येही नाही आणि इंचांतही नाही. ती रुंदीच्या शेकडा ६५ इतकी आहे. ‘आर’ हे अक्षर टायरच्या आतील दोऱ्यांची रचना चाकाच्या केंद्राकडून परिघाकडे जाणारी, म्हणजे रेडियल आहे, असे सांगते. शेवटचा १५ हा रिमचा व्यास असून तो इंचांत आहे.

येथे वाचकाची फसगत होते ती मधल्या आकड्यापाशी. मराठीत ‘पाऊण’ हा शब्द एकटा उच्चारला तर ऐकणारा लगेच ‘कशाच्या पाऊण?’ असे विचारील. पाऊण तास आणि पाऊण शेर यांत समान असे परिमाण काहीच नाही; समान आहे ते फक्त नाते. टायरवरील ६५ हा आकडाही याच जातीचा आहे. परंतु तो अंकांत लिहिलेला असल्यामुळे त्याचा सापेक्षपणा झाकला जातो. १८५/६५ च्या जागी १९५/६५ टायर घेणारा मनुष्य असे समजतो की, आपण रुंदी तेवढी वाढविली, उंची होती तीच ठेविली. प्रत्यक्षात ६५ हा आकडा तोच राहिला तरी ज्याच्या तो शेकडा ६५ आहे ती रुंदी वाढलेली असते. बाजूची उंची १२०.२५ मिलिमीटरवरून १२६.७५ वर जाते, आणि ती चाकाच्या वर व खाली अशी दोनदा मोजावयाची असल्यामुळे व्यासात १३ मिलिमीटरची भर पडते. चिन्ह तेच राहिले आणि अर्थ बदलला, याचे इतके निर्भेळ उदाहरण क्वचितच सापडेल.

जुन्या मापांत तर उंचीचा उल्लेखच नसे. अॅम्बॅसडर गाडीच्या टायरवर ५.९०–१५ असे माप असे, आणि ऑटोरिक्षाच्या टायरवर ४.००–८ हे माप आपण आजही पाहतो. दोन्ही आकडे इंचांत. पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा. त्या काळच्या टायरची उंची सामान्यतः रुंदीच्या जवळपास असे, म्हणून ती सांगण्याची गरज भासली नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर उंची अध्याहृत होती. पुढे रुंदीच्या मानाने कमी उंचीचे टायर प्रचारात आले, तेव्हा जे अध्याहृत होते ते उच्चारणे भाग पडले.

३. त्रुटीचे गणित

चाकाचा एकूण व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक बाजूच्या उंचीची दुप्पट. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. तेव्हा १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास ३८१ + २४०.५ = ६२१.५ मिलिमीटर आणि परीघ सुमारे १,९५३ मिलिमीटर होतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. गाडीच्या भाराने टायर जमिनीशी चेपतो. मग व्यासावरून काढलेला परीघ खरा कसा मानावा? आक्षेप योग्य आहे, पण त्याने वाटते तितके बिघडत नाही. रेडियल टायरच्या धावेखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो ताणला वा आखूड केला जात नाही, असे म्हटले तरी चालेल. टायर खालच्या बाजूस चपटा झाला तरी एका फेऱ्यात पट्ट्याची जवळजवळ सगळी लांबी रस्त्यावर पसरली जाते. त्यामुळे अशा टायरचा प्रत्यक्ष चालीचा परीघ काढताना व्यासाला ३.१४ ऐवजी ३.०५ ने गुणण्याची रीत यूरोपीय मानकांत आहे. आपल्या उदाहरणात तो सुमारे १,८९६ मिलिमीटर येतो. परंतु जुन्या व नव्या टायरची तुलना करताना हा गुणक दोन्हीकडे येतो आणि भागाकारात नाहीसा होतो. म्हणून तुलनेपुरते व्यासांचे गुणोत्तर पुरेसे आहे. नियम असा सांगता येईल :

खरा वेग = तबकडीवरील वेग × (नवा व्यास ÷ मूळ व्यास)

मूळ टायर १८५/६५ आर १५ असून त्यावर वेगमापक तंतोतंत बरोबर होता, असे क्षणभर धरू. तबकडीवर ८० दिसत असता निरनिराळ्या टायरवर खरा वेग पुढीलप्रमाणे येतो :

१८५/६० आर १५ — व्यास ६०३.० मिमी, गुणोत्तर ०.९७०, खरा वेग ७७.६
१९५/५५ आर १६ — व्यास ६२०.९ मिमी, गुणोत्तर ०.९९९, खरा वेग ७९.९
१९५/६५ आर १५ — व्यास ६३४.५ मिमी, गुणोत्तर १.०२१, खरा वेग ८१.७
२०५/६५ आर १५ — व्यास ६४७.५ मिमी, गुणोत्तर १.०४२, खरा वेग ८३.३
२०५/६५ आर १६ — व्यास ६७२.९ मिमी, गुणोत्तर १.०८३, खरा वेग ८६.६

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, टायर मोठा झाला तर वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो आणि लहान झाला तर अधिक. मोठे चाक तेच अंतर कमी फेऱ्यांत कापते. फेरे कमी म्हणून यंत्राला गाडी सावकाश चालल्यासारखी वाटते. दुसरी गोष्ट अशी की, रिम मोठा झाला म्हणजे त्रुटी येतेच असे नाही. १९५/५५ आर १६ या टायरमध्ये रिम एक इंचाने वाढला आणि रुंदीही वाढली, पण बाजूची उंची त्या मानाने उतरल्यामुळे एकूण व्यास जवळजवळ तोच राहिला. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जो बदल ठळकपणे भरतो त्याचा वेगमापकावर परिणाम नाही, आणि १८५ चे १९५ झाले हा जो बदल नजरेतून निसटतो त्याने शेकडा दोनची त्रुटी येते.

अंतरमापकावरही हाच परिणाम होतो. २०५/६५ आर १५ हा टायर लावून १०० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या अंतरमापकावर ९६ ची नोंद होते. त्या प्रवासात पाच लिटर पेट्रोल लागले असेल, तर गाडीने लिटरमागे २० किलोमीटर दिले. हिशेबात मात्र १९.२ येतात. नवा टायर लावल्यापासून गाडी पेट्रोल अधिक पिऊ लागली, ही तक्रार अशा वेळी काही अंशी तरी कागदावरचीच असते. उलट, ५०,००० किलोमीटरची नोंद दाखविणारी ही गाडी प्रत्यक्षात सुमारे ५२,१०० किलोमीटर चाललेली असते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हा फरक ध्यानात घेतलेला बरा.

४. एकांगी मर्यादा

आतापर्यंत मूळ वेगमापक बरोबर आहे असे धरले. प्रत्यक्षात तो मुद्दामच किंचित अधिक वेग दाखवील असा बनविलेला असतो. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११७ व्या नियमात वेगमापकाविषयीची तरतूद आहे. अनेक देशांत मान्य असलेला संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपविषयक आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम मोटारींच्या बाबतीत असे सांगतो की, दाखविलेला वेग खऱ्या वेगाहून कधीही कमी असता कामा नये. अधिक असल्यास ती वाढ खऱ्या वेगाचा दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर याहून जास्त असू नये. म्हणजे खरा वेग ८० असता तबकडीवर ८० ते ९२ पर्यंतचा कोणताही आकडा नियमात बसतो. ७९ बसत नाही.

ही मर्यादा एकांगी आहे, आणि तिचे कारण उघड आहे. वेग खऱ्यापेक्षा अधिक दिसला तर चालक सावकाश जाईल. कमी दिसला तर नकळत मर्यादा ओलांडील. कोणतेही यंत्र थोडेफार इकडेतिकडे चुकणारच. तेव्हा खालच्या बाजूस कधीही चुकू नये म्हणून कारखानदार काट्याला वरच्या बाजूस थोडी जागा ठेवून देतो.

आता या शिलकीचा आणि मोठ्या टायरचा संबंध पाहू. समजा, मूळ टायरवर खरा वेग ८० असता काटा ८४ दाखवीत होता. त्याच गाडीला २०५/६५ आर १५ टायर लावले, तर खऱ्या ८० ला काटा ८०.६ दाखवील. म्हणजे टायर चुकीचा बसविल्याने वेगमापक जवळजवळ बरोबर झाला! ‘मोठे टायर लावल्यावर माझा वेगमापक अधिक अचूक झाला’ असे म्हणणारा चालक खोटे बोलत नाही. पण ज्या अंतरमापकात अशी शिलकीची जागा ठेवलेली नसते, तो त्याच वेळी शेकडा चारने खोटा झालेला असतो. वेग तोललेला असतो, म्हणून तोल थोडा कलता ठेवता येतो. अंतर मोजलेले असते, तेथे ती सोय नाही. शिवाय जी शिलक यंत्रातील इतर चुकांसाठी राखून ठेविली होती ती टायरने खर्चून टाकली. याच गाडीला २०५/६५ आर १६ टायर लावले तर खऱ्या ८० ला काटा ७७.६ वर येईल, आणि अशी गाडी ३९ व्या नियमाच्या कसोटीस उतरणार नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा दिसणारी अचूकता ही अचूकता नव्हे. तो योगायोग होय.

५. झीज आणि भाडे

टायर न बदलताही त्याचे माप बदलत असते. नव्या टायरवरील नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरली आणि मोटारीसाठी असलेल्या १.६ मिलिमीटरच्या मर्यादेपर्यंत ती झिजली असे मानले, तर व्यास १२.८ मिलिमीटरने कमी होतो. ६२१.५ च्या व्यासावर ही घट शेकडा दोनहून किंचित अधिक आहे. म्हणून टायर झिजत जातो तसतसा वेगमापक अधिकाधिक वेग दाखवू लागतो. एकाच मापाचे नवे टायर बसविले तरी त्या दिवशी काटा थोडा खाली आल्याचा भास होतो, त्याचे कारण हेच. टायरवरील माप हे नाममात्र असल्यामुळे दोन कारखान्यांच्या एकाच मापाच्या टायरमध्येही थोडा फरक पडतो.

झिजेची खोली तीच असली तरी लहान चाकावर तिचा परिणाम मोठा होतो. मोटारीचा टायर पाच मिलिमीटर झिजला तर व्यासातील घट शेकडा १.६ होते, ऑटोरिक्षाच्या सुमारे ४१० मिलिमीटर व्यासाच्या चाकावर तेवढ्याच झिजेने ती शेकडा २.४ होते. आणि रिक्षाच्या चाकावर केवळ वेगाची नव्हे, तर पैशांची मोजणी चालते. भाड्याचा मीटर चाकाचे फेरे मोजतो. प्रवासी पैसे देतो ते किलोमीटरचे. मीटर नव्या टायरवर जुळविलेला असेल, तर झिजलेल्या चाकावर बसलेला प्रवासी शंभर रुपयांच्या अंतरासाठी सुमारे दोन-अडीच रुपये अधिक देतो. यात रिक्षाचालकाची लबाडी असते असे मुळीच नाही. त्यालाही मीटर जेवढे सांगतो तेवढेच ठाऊक असते.

वजनमापांच्या कायद्याने ही गोष्ट पूर्वीच ओळखलेली आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या भाडेमापकांविषयीच्या २१ क्रमांकाच्या शिफारशीत दोन निरनिराळे अंक मानले आहेत. एका किलोमीटरसाठी मापकाला किती स्पंद हवेत, हा एक अंक. वाहन प्रत्यक्षात एका किलोमीटरमध्ये किती स्पंद पाठविते, हा दुसरा. पहिला यंत्राचा, दुसरा वाहनाचा. दुसरा अंक टायरची झीज, हवेचा दाब आणि भार यांबरोबर बदलतो, म्हणून हे दोन अंक एकमेकांशी जुळविणे हे परीक्षेचे मुख्य काम मानले आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांचे संकेत जुळतात की नाही ते अधूनमधून तपासले पाहिजे, असाच याचा अर्थ.

६. चूक आतून का दिसत नाही?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. वेगमापक, अंतरमापक, सरासरी वेगाचा आकडा, लिटरमागे किलोमीटर सांगणारा आकडा, पुढील सर्व्हिसिंगची सूचना, हे सर्व एकाच गणनेवरून निघालेले असतात. टायर बदलल्यावर ते सर्व एकाच प्रमाणात चुकतात, आणि म्हणूनच त्यांच्यात परस्परविरोध उत्पन्न होत नाही. चालकाने एका आकड्याची दुसऱ्याशी पडताळणी केली तर दोन्ही जुळतात आणि त्याचा विश्वास वाढतो.

पाठचिकित्सेचे तत्त्व जाणणाऱ्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरी केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे ते तत्त्व आपल्याकडे चांगले रुजले आहे. एकाच मूळ प्रतीवरून उतरून घेतलेल्या दहा पोथ्या एक पाठ देतात, तेव्हा साक्षी दहा होत नाहीत. साक्षी एकच राहतो. गाडीतील तबकडीवरचे सारे आकडे ही एकाच चाकाची नक्कल आहे.

प्रमाणबद्ध चुकीचा आणखी एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. तिच्यामुळे अंतर्गत तुलना बिघडत नाही. कालच्यापेक्षा आज गाडी वेगाने चालली, किंवा अमुक गाव तमुक गावाच्या दुप्पट अंतरावर आहे, ही विधाने चुकीच्या टायरवरही खरीच राहतात. बिघडते ती बाहेरच्या मानाशी तुलना : रस्त्याच्या कडेला लिहिलेल्या वेगमर्यादेशी, किलोमीटरच्या दगडाशी, भाड्याच्या दराशी. म्हणून साक्षीदारही बाहेरचाच हवा.

असा साक्षीदार मिळविणे कठीण नाही. सपाट, मोकळ्या महामार्गावर चालकाने काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि सोबत्याने किलोमीटरचे पाच दगड ओलांडण्यास लागणारा वेळ घड्याळावर मोजावा. तो ३०० सेकंद यावयास हवा. २८८ सेकंद आला, तर खरा वेग ६२.५ आहे. अंतरमापकाची परीक्षा याहून सोपी : दगडांप्रमाणे २० किलोमीटर झाले असता तो १९.२ दाखवितो की काय, ते पाहावे. हातातील फोनमधील जीपीएसही चालेल, कारण उपग्रहांच्या संदेशांवरून काढलेल्या त्याच्या वेगाचा टायरशी काही संबंध नसतो. मात्र रस्ता सरळ, आकाश मोकळे आणि वेग स्थिर असावा.

चूक सापडल्यावर दुरुस्ती संकेताची करावयाची असते. इलेक्ट्रॉनिक गाडीत स्मृतीतील स्थिरांक बदलतात. जुन्या यांत्रिक गाडीत केबल फिरविणारे लहान दातेरी चक्र बदलीत. २४ दात्यांच्या जागी २३ दात्यांचे चक्र घातले तर केबल १.०४३ पट वेगाने फिरते, आणि १.०४२ च्या गुणोत्तराची त्रुटी जवळजवळ पूर्ण भरून निघते. दाते पूर्णांकातच असावयाचे, म्हणून अशी दुरुस्ती पायरीपायरीनेच होते.

ज्या फरकाला आपण येथे त्रुटी म्हटले, तोच अन्यत्र पुरावाही होतो. काही गाड्यांत टायरमधील हवा उतरल्याची सूचना दाब प्रत्यक्ष न मोजताच दिली जाते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते आणि इतर तिघांपेक्षा थोडे अधिक फेरे करते. संगणक हा फरक ओळखतो. चारही चाके एकदम बदलली तर त्याला काही दिसत नाही. एकच बदलले तर लगेच दिसते. तुलनेला दुसरा स्वतंत्र साक्षी मिळाला की चूक बोलू लागते.

७. आपल्या शास्त्राकडे

ध्वनिशास्त्राचा अभ्यासक वेगमापकावर विसंबत नसेल; पण फिरत्या तबकडीवर तो पुष्कळ काळ विसंबलेला आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनवर मुद्रित झाले. मिनिटाला ७८ फेरे हे मान सर्वत्र स्थिरावण्यापूर्वी निरनिराळ्या तबकड्या याहून कमीअधिक गतीने मुद्रित होत असत. समजा, ७६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविली. बोलणाऱ्याचा स्वर सेकंदाला १२० कंपनांचा असेल तर तो १२३ चा भासेल, आणि प्रत्येक स्वराचा काल त्याच प्रमाणात आखूड होईल.

आजच्या अंकीय ध्वनिमुद्रणातही हा धोका गेलेला नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन केलेली नोंद ४८,००० नमुन्यांची समजून वाचली, तर २०० कंपनांचा स्वर सुमारे २१८ चा होतो आणि १०० मिलिसेकंदांचा स्वर ९२ चा. गुणोत्तर १.०८८; म्हणजे वर पाहिलेल्या २०५/६५ आर १६ या टायरहूनही थोडे अधिक. तेथेही सर्व मापे एकमेकांशी जुळतात, स्वरांचे परस्परसंबंध शाबूत राहतात, आलेख नीटनेटका दिसतो. त्या मुद्रणातील ऱ्हस्व-दीर्घाचे गुणोत्तर बरोबर येते. परंतु दुसऱ्या संशोधकाने दुसऱ्या गावी मोजलेल्या स्वरांशी त्याची तुलना केली की बोलीभेद म्हणून जे हाती येते तो बोलीचा भेद नसतो, चाकाचा असतो.

म्हणून ध्वनिमुद्रणाच्या आरंभी ज्याची कंपनसंख्या ठाऊक आहे असा एक स्वर नोंदवून ठेवणे, आणि मुद्रणाचे स्थिरांक टिपणवहीत लिहिणे, या किरकोळ वाटणाऱ्या सवयी विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. तो स्वर हा आपला किलोमीटरचा दगड होय. फेरे मोजण्यात यंत्र सहसा चुकत नाही. पण एक फेरा म्हणजे किती, हे त्याला आपण सांगितलेले असते. चाक बदलल्यावर तेही पुन्हा सांगावयाचे, ही जबाबदारी यंत्राची नव्हे, आपली आहे.